एका दाण्याचे बोलावणे
(वचन-चिंतन : चैत्र-वैशाखातील घरगुती मेळ्यांच्या निमित्ताने)



चैत्र लागला की आपल्या भागातली झाडे माणसांच्या आधी सणाला तयार होतात. कडुलिंबाला बारीक पांढरा मोहोर येतो, पिंपळाची तांबूस पालवी उन्हात चमकते, कैऱ्या हाताला लागण्याइतक्या मोठ्या होतात. शाळूची रास घरी आलेली असते, मुलांच्या परीक्षा संपत आलेल्या असतात, आणि नोकरीनिमित्त दूर गेलेली मंडळी विचारू लागतात, ''यंदा पाडव्याला येऊ की बसवजयंतीला?'' चैत्र शुद्ध प्रतिपदेपासून वैशाख शुद्ध तृतीयेपर्यंत जेमतेम महिना आणि दोन दिवस. पण वर्षभर विखुरलेली घरे एकत्र येण्याचे दिवस ते हेच.

मागे एकदा मठातील चिंतनाच्या वेळी एका तरुण भक्ताने सरळ प्रश्न विचारला. तो म्हणाला, ''आपण लिंगवंत. तळहातावरचे इष्टलिंग हाच आपला देव, आणि रोजची पूजा हीच आपली पूजा. मग वर्षाच्या या ठराविक दिवशी वीस-पंचवीस माणसे गोळा करायची, स्वयंपाकात बायकांनी दमायचे, कोणाला मान मिळाला नाही म्हणून कोणी रुसायचे, यात धर्म तो कोणता? त्यापेक्षा आपापल्या घरी शांतपणे पूजा केलेली काय वाईट?''

प्रश्न खोटा नव्हता. त्या मुलाच्या घरी आदल्याच वर्षी सणाच्या दिवशी भावाभावांत कडाक्याचे भांडण झाले होते, हे पुष्कळांना ठाऊक होते. म्हणून त्याला ''परंपरा आहे'' एवढे सांगून गप्प बसवणे बरोबर झाले नसते. शरणांनी परंपरेलाही प्रश्न विचारले आहेत. तेव्हा याचे उत्तर वचनांतच शोधले पाहिजे. या लेखात आपण बसवण्णांच्या तीन वचनांचा आणि आयदक्की लक्कम्माच्या एका प्रसंगाचा विचार करू. मूळ वचने आपल्या घरच्या संग्रहात काढून जरूर वाचावीत. येथे केवळ त्यांचा आशय घेतला आहे.

१. कावळा आणि कोंबडी

बसवण्णांचे एक वचन आहे. त्यात एक कावळा आहे आणि एक कोंबडी आहे. कावळ्याला भाताचे एक शीत दिसले तर तो एकटा गिळत नाही, आपल्या जातभाईंना हाका मारतो. कोंबडीला घासभर काही सापडले तर ती पिलांना, आपल्या कुळाला बोलावते. हे दाखवून बसवण्णा भक्ताकडे वळतात. शिवभक्त म्हणवून घेणाऱ्याजवळ एवढीही आपुलकी नसेल तर तो या दोन्ही पाखरांहून खालचा, असा त्या वचनाचा निर्वाळा आहे.

या वचनात दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली अशी, की कावळा बोलावतो ते एका शितासाठी. पोते भरून धान्य सापडल्यावर नव्हे. ''आधी घर बांधू, मग सगळ्यांना बोलावू'', ''मुलीचे लग्न उरकले की एकदा सर्वांना जेवायला घालू'' असे आपण म्हणत राहतो आणि वर्षे निघून जातात. कावळ्याजवळ पुरेसे कधीच नसते, तरी त्याचे बोलावणे थांबत नाही. बोलावण्याचा संबंध जवळ किती आहे याच्याशी नसून मन किती मोठे आहे याच्याशी आहे.

दुसरी गोष्ट अशी, की बसवण्णांनी येथे तपस्वी, मुनी किंवा राजा यांचे उदाहरण घेतलेले नाही. उकिरड्यावर दिसणारी, रोज अंगणात फिरणारी दोन साधी पाखरे घेतली. म्हणजे वाटून खाणे हा काही मोठ्या साधनेचा शेवट नाही. ती आरंभाची पायरी आहे. ती चुकली तर पुढच्या पायऱ्यांची गोष्टच कशाला काढावी?

त्या तरुणाच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर येथे मिळते. इष्टलिंगाची पूजा एकट्याने करता येते आणि करावी. परंतु अष्टावरणात लिंगाबरोबर गुरू आणि जंगम आहेत, आणि प्रसादही आहे. प्रसाद म्हटला की वाटणे आलेच. एकट्याचा प्रसाद असू शकतो, पण वाटण्याची इच्छाच मेलेल्या माणसाचा प्रसाद कसा असेल?

२. आपले कोण?

आता कोणी म्हणेल, कावळा बोलावतो तो कावळ्यांनाच. मग आपणही आपल्या नातलगांना बोलावले की झाले. येथे बसवण्णांचे दुसरे वचन आपल्याला थांबवते. समोर आलेल्या माणसाविषयी ''हा कोणाचा'' असे पुन्हा पुन्हा विचारत बसण्याची वेळ आपल्यावर येऊ नये, हा आपलाच, आपल्या घरचाच मुलगा असे वाटावे, अशी त्या वचनात देवाजवळ केलेली मागणी आहे.

हे वचन आपल्या सभांतून इतक्या वेळा म्हटले जाते की त्याची धार बोथट झाली आहे. ती पुन्हा पाहायची असेल तर सणाच्या दिवशी आपल्या सोप्यातल्या पंगतीकडे पाहावे. पहिल्या पंगतीला कोण बसले आहे? शेतात वर्षभर राबणारा गडी कुठे आहे? आपल्याकडे अनेक ठिकाणी सालगड्याचे वर्ष पाडव्यापासून मोजतात. ज्या दिवशी त्याचे नवे साल सुरू होते त्या दिवशी त्याला गोठ्याजवळ पत्रावळ देऊन वाटेला लावले, तर आपण सकाळी म्हटलेल्या वचनाचे काय झाले?

तीच गोष्ट घरातल्या स्त्रियांची. बाराव्या शतकात शरणांनी स्त्रीच्या हाती इष्टलिंग दिले. अनुभवमंटपात अक्कमहादेवी अल्लमप्रभूंसमोर उभी राहून बोलली. जनन, मरण, रज, उच्छिष्ट आणि जाती ही पाचही सूतके लिंगधारी माणसाला नाहीत, असा आपला आचार सांगतो. असे असूनही कित्येक घरांत सणाच्या दिवशी एखादी सून ''बाजूला'' बसवली जाते. विधवा आत्या किंवा काकू स्वयंपाकघरात सर्वांत आधी शिरते आणि ओवाळण्याच्या वेळी मागे सरकते. तिला कोणी ''मागे हो'' म्हणत नाही, हे खरे. पण ''पुढे ये'' असेही कोणी म्हणत नाही. ही चाल बाहेरून आपल्यात शिरली आहे, आणि ती सणाच्या दिवशीच जास्त दिसते. म्हणूनच ती मोडायचा दिवसही तोच.

कोणी दूरचे व्रत घेण्याची गरज नाही. यंदा त्या काकूंच्या हातून पहिली विभूती लावून घ्यावी. एवढ्याने घरातल्या मुलांना जे कळेल ते दहा व्याख्यानांनी कळणार नाही.

३. विचारपूस आणि ''बस'' हा शब्द

बसवण्णांचे तिसरे वचन दारात आलेल्या माणसाविषयी आहे. आलेल्याला ''कसे येणे केलेत, बरे आहात ना'' एवढे विचारले तर आपले ऐश्वर्य काही उडून जात नाही. ''बसा'' म्हटल्याने जमीन खचत नाही. लगेच दोन शब्द बोलल्याने डोके फुटत नाही. देता आले नाही तरी चालेल, पण एवढाही गुण अंगी नसेल तर देव त्याला शासन केल्यावाचून राहणार नाही, असा त्या वचनाचा सूर आहे. वरवर पाहता विनोदी, आणि आत मोठी चपराक.

या वचनाचा अर्थ मला पुस्तकात कळला नाही. तो लहानपणी आमच्याच घरात कळला. घरची गोष्ट सांगतो, ती मोठेपणासाठी नाही.

आजोबांच्या माघारी आमचे आप्पा आणि धाकटे काका वेगळे झाले. शेत वाटले गेले, विहीर मात्र सामाईक राहिली, आणि पाण्याच्या पाळीवरून बिनसले. सोप्यात मधोमध भिंत आली. परड्यातले कडुलिंबाचे झाड काकांच्या वाटणीला गेले. आज्जी आमच्याकडे राहत असे. दोन्ही घरे एकाच छपराखाली, पण कित्येक वर्षे पाडवा दोन चुलींवर होत होता. बेवू-बेल्लासाठी लागणारा कडुलिंबाचा मोहोर आप्पा मळ्यातून आणत. भिंतीपलीकडे झाड मोहोराने भरलेले असायचे, आणि आम्ही तिकडे पाहायचेही नाही.

मी तेव्हा दहा वर्षांचा असेन. एका पाडव्याला सकाळी आज्जीने पूजा आटोपली आणि मळ्यातून आणलेला मोहोर बाजूला सारला. मला म्हणाली, ''हा नको. आपल्या परड्यातला आण. काकाला सांग, आज्जीने मागितलाय.''

आप्पा तिथेच होते. ते काही बोलले नाहीत, उठून बाहेर गेले. मी भीत भीत पलीकडे गेलो. काका दारात बसले होते. मी निरोप सांगितला. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले, मग आकडी घेतली आणि झाडाखाली गेले. माझ्या सदऱ्याचा ओचा मोहोराने भरला. तोंडाने एक शब्द नाही.

आज्जीने त्या मोहोरात गूळ, चिंच आणि डाळे घालून बेवू-बेल्ल केले, एक वाटी भरली आणि पुन्हा मलाच पाठवले. या खेपेस काकू बाहेर आल्या. वाटी आत नेली, धुतली आणि परत देताना तिच्यात गुळाचा खडा ठेवला. भरून आलेले भांडे आपल्याकडे रिकामे परत करीत नाहीत, एवढेच त्याचे कारण असेल. पण आज्जीने तो खडा हातात घेतला आणि कितीतरी वेळ खाल्ला नाही.

त्याच वर्षी बसवजयंतीला आज्जीने दोन्ही घरांना जेवायला बोलावले. काका आले. सोप्याच्या कडेला उभे राहिले. सगळे गप्प. आमचे आप्पा कमी बोलणारे. ते थोडा वेळ पानाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, ''बस.'' काका बसले.

वाचकहो, त्या दिवशी विहिरीचा वाद मिटला नाही. तो पुढे दोन वर्षे चालला आणि मग पंचांच्या मध्यस्थीने पाळ्या ठरल्या. सोप्यातली भिंत तर अजून आहे. पण त्या ''बस'' नंतर आजारपणात, लग्नकार्यात आणि आज्जी गेली तेव्हा दोन्ही घरे एकमेकांकडे जात राहिली. ''बसा'' म्हटल्याने जमीन खचते का, असे बसवण्णा विचारतात तेव्हा मला तो सोपा आठवतो. जमीन खचली नाही. पण तो एक शब्द उच्चारण्यासाठी आप्पांना किती वर्षे लागली!

म्हणून त्या तरुणाला सांगावेसे वाटते, की सणाच्या दिवशी भांडणे होतात हे खरे. पण सण नसता तर तो शब्द बोलायला निमित्त कोणते मिळाले असते? रोजच्या दिवशी माणूस आपला मान धरून बसतो. सणाचा दिवस त्याला मान न गमावता एक पाऊल टाकायची वाट देतो.

४. कडू-गोड आणि प्रसादी स्थल

आता त्या वाटीतल्या पदार्थाकडे वळू. बेवू म्हणजे कडुलिंब, बेल्ल म्हणजे गूळ. कर्नाटकात उगादीला आणि महाराष्ट्रात पाडव्याला हा कडू-गोड घास घेतात. तो कसा करायचा, यात गावोगाव फरक आहे. कोणी पाला घेतात, कोणी मोहोर. कोणी ओवा-हिंग घालतात, कोणी चिंच घालून पातळ करतात. वर्षभरात सुख आणि दुःख दोन्ही येणार, ती समभावाने घ्यावीत, असा त्याचा अर्थ आपण मुलांना सांगतो.

हा अर्थ चांगला आहे, पण आपल्या षट्स्थल विचाराच्या उजेडात तो आणखी खोल जातो. भक्त, महेश, प्रसादी, प्राणलिंगी, शरण आणि ऐक्य ही सहा स्थले. त्यांतील तिसरे प्रसादी स्थल. भक्त स्थलात श्रद्धा जागी होते, महेश स्थलात ती निष्ठा बनते, आणि प्रसादी स्थलात साधक जे जे समोर येईल ते लिंगाला अर्पून मग घेतो. अर्पण होण्यापूर्वी तो पदार्थ असतो. अर्पण झाल्यावर तो प्रसाद होतो.

येथे एक बारीक मेख आहे. गोड पदार्थ अर्पण करणे सोपे. खपली गव्हाची खीर, पुरणपोळी, आंब्याचा रस हे सगळे आपण आनंदाने लिंगाला दाखवतो. परंतु कडुलिंब? जीभ ज्याला नको म्हणते तेही आधी लिंगाला अर्पून मग तोंडात घालायचे, हा पाडव्याचा पहिला घास आहे. म्हणजे वर्षाची सुरुवातच प्रसादी स्थलाच्या धड्याने होते. कडू आहे ते कडूच राहते. गूळ घातल्याने कडुलिंबाचा कडूपणा नाहीसा होत नाही, हे प्रत्येक मुलाला माहीत असते. बदलते ते आपले घेणे. ''हे माझ्या नशिबी का?'' असे म्हणत घेतले तर तो कडू घास. ''हे त्याच्याकडून आले'' म्हणत घेतले तर तो प्रसाद.

तथापि येथे सावध असावे. प्रसाद म्हणून स्वीकारणे म्हणजे अन्याय मुकाट्याने गिळणे नव्हे. शरणांनी स्वतः अन्याय गिळला नाही. कल्याणात त्यांनी त्याची किंमत मोजली. जे आपल्या हाती बदलण्यासारखे आहे ते बदलावे, हा आचार. जे आपल्या हाती नाही, म्हणजे आजारपण, वियोग, पावसाने दिलेला दगा, ते घेताना मन कुजू देऊ नये, हा प्रसाद. सासुरवाशिणीला जाच करणाऱ्या घराने तिला ''कडू-गोड समजून घे'' असे सांगू नये. त्या घराने आधी स्वतःचा आचार तपासावा.

५. लक्कम्माचे माप

आनंदाच्या मेळ्याला आज सर्वांत मोठा धोका भांडणाचा नाही. तो बरोबरीचा आहे. शेजारच्या घरी मंडप घातला म्हणून आपणही घालायचा. भावाने सर्वांना आहेर केला म्हणून आपण सावकाराकडे किंवा पतपेढीकडे जायचे. जेवण तीन पदार्थांवरून तेरावर गेले, आणि यजमान पंगतीत येणाऱ्याचे तोंड पाहण्याऐवजी खर्चाचा हिशेब पाहू लागला.

येथे आयदक्की लक्कम्माची आठवण करावी. आयदक्की या शब्दाचा अर्थच वेचलेले तांदूळ. लक्कम्मा आणि तिचे पती मारय्या हे कल्याणात सांडलेले तांदूळ वेचून आणीत आणि त्यावरच दासोह चालवीत. हेच त्यांचे कायक. एके दिवशी मारय्या नेहमीपेक्षा जास्त तांदूळ घेऊन आले. कोणतीही गृहिणी आनंदली असती. लक्कम्मा मात्र अस्वस्थ झाली. एवढा हव्यास आपल्याला कशाला, गरजेपेक्षा अधिक आलेले हे तांदूळ जिथून आणले तिथे परत टाकून या, असे तिने पतीला सांगितले. मारय्यांनी ते ऐकले.

ही कथा आपण नेहमी कायकाच्या संदर्भात सांगतो. ती तशी आहेच. पण ती एका स्वयंपाकघराचीही कथा आहे. किती शिजवायचे, किती पुरेसे, कोणत्या धनाचे शिजवायचे, हे माप त्या घरात लक्कम्माच्या हाती होते, आणि ते माप चुकले तर दासोहही अशुद्ध होतो, असे तिचे म्हणणे होते. परंपरा सांगते, की त्या मोजक्या तांदळांवर त्या दांपत्याने लाखाहून अधिक जंगमांना तृप्त केले. याकडे केवळ चमत्कार म्हणून पाहू नये. स्वतःच्या घामाच्या एका शितात जेवढी माणसे सामावतात तेवढी कर्जाच्या पक्वान्नात सामावत नाहीत, असा त्याचा बोध घ्यावा.

दान आणि दासोह यांतला फरकही येथेच आहे. दानात देणारा वर आणि घेणारा खाली राहतो. दासोहात वाढणारा स्वतःला दास समजतो. सणाचे जेवण हे दान झाले की यजमान फुगतो आणि पाहुणा संकोचतो. ते दासोह झाले की झुणका-भाकरीनेही दोघे तृप्त होतात.

६. पाळणा

वसंतातच बसवजयंती येते. बसवण्णांचा जन्म बागेवाडीत मादरस आणि मादलांबिका यांच्या पोटी झाला. थोरली बहीण अक्कनागम्मा. परंपरा सांगते, की बहिणीला नसलेला उपनयनाचा अधिकार आपल्यालाही नको, असे म्हणून त्यांनी लहान वयातच घर सोडले आणि कूडलसंगम गाठले. पण येथे एक विचार करण्यासारखी गोष्ट आहे. घर सोडलेल्या या मुलाने पुढे कल्याणात जे उभे केले त्याला नाव पडले ''महामने'', म्हणजे मोठे घर. त्या घरात गंगांबिका आणि नीलांबिका होत्या, अक्कनागम्मा होती, भाचा चन्नबसवण्णा होता, आणि दूरदूरच्या मुलखांतून आलेले ढोर, चांभार, नावाडी, परीट असे नाना कायकांचे शरण होते. बसवण्णांनी कुटुंब नाकारले नाही. भेद शिकवणारे घर सोडले आणि भेद नसलेले घर बांधले.

बसवजयंतीचा आजचा सार्वजनिक उत्सव हर्डेकर मंजप्पा यांनी 1913 साली दावणगेरे येथे सुरू केला. त्यापुढे दहा वर्षांनी, 1923 साली, फ. गु. हळकट्टी यांच्या वचनशास्त्रसाराचा पहिला भाग प्रसिद्ध झाला. वचने तोवर ठिकठिकाणच्या घरांत आणि मठांत ताडपत्रांच्या गठ्ठ्यांतून बांधलेली होती. हळकट्टींनी ती आयुष्यभर हिंडून गोळा केली. याचा अर्थ असा, की शेकडो वर्षे वचने सांभाळली ती घरांनी. वाचता येत असो वा नसो, कोणीतरी आज्जी तो गठ्ठा दरवर्षी पुसून पुन्हा कपड्यात बांधीत होती. मराठी मुलखात मन्मथस्वामींचा परमरहस्य ग्रंथ असाच घराघरांतल्या वाचनाने टिकला.

मिरवणुका निघाव्यात, भाषणे व्हावीत. पण ज्या दिवशी सकाळी घरातल्या बायका बाळ बसवण्णांना पाळण्यात घालून गातात आणि भोवती शेजारपाजारची लेकरे सुंठवड्यासाठी हात पसरून उभी असतात, तो क्षण मिरवणुकीहून लहान नाही. त्या पाळण्याभोवती उभे राहिलेले मूल मोठेपणी कोणत्याही शहरी गेले तरी ती चाल विसरत नाही.

७. दूर असलेल्यांसाठी

आपले पुष्कळ बांधव इंदूर, बडोदे, हैदराबाद अशा शहरांत पिढ्यान्पिढ्या राहतात. काहींच्या घरात आता चारच माणसे. काहींच्या घरी एकटीच वृद्ध माउली, मुले परदेशी. ''आमच्याकडे कसला मेळा?'' असे त्यांना वाटते. त्यांनी मन लहान करू नये. कावळ्याच्या वचनात शीत एकच आहे. शेजारच्या दाराला टकटक करून बेवू-बेल्लाची वाटी द्यावी. शेजारी कोणत्या जातीचा, कोणत्या भाषेचा, हे विचारू नये. कडुलिंब तर भारतात बहुतेक ठिकाणी मिळतोच.

यंदा आपल्या घरी एवढे करून पाहावे :

सकाळी लहानथोर सर्वांनी एकत्र बसून इष्टलिंग पूजा करावी. पाच मिनिटे झाली तरी चालतील, पण सर्वांनी एकाच वेळी.

जेवणापूर्वी घरातल्या सर्वांत लहान वाचणाऱ्याने एक वचन वाचावे आणि सर्वांत वडील माणसाने त्याचा अर्थ आपल्या शब्दांत सांगावा. चुकला तरी कोणी हसू नये.

वाढणारे आणि जेवणारे यांची एक तरी पंगत अदलाबदल करावी. पुरुषांनी वाढावे, स्वयंपाक केलेल्यांनी आधी जेवावे.

तीनच पदार्थ करावेत, आणि सणासाठी कर्ज काढू नये.

ज्याच्याशी बोलणे थांबले आहे अशा एकाकडे वाटी पाठवावी. परत काय येते याची वाट पाहू नये.

शेवटचे सर्वांत अवघड आहे, हे मी जाणतो. कदाचित वाटी तशीच परत येईल. आली तर आली. आपले बोलावणे खोटे ठरत नाही. कावळा हाक मारतो तेव्हा सगळे येतातच असे नाही. तरी उद्या पुन्हा शीत दिसले की तो पुन्हा हाक मारतो.

त्या तरुणाविषयी सांगायचे राहिले. चिंतन संपल्यावर तो काही न बोलता निघून गेला. पुढच्या पाडव्यानंतर तो मठात आला तेव्हा मी मुद्दाम काही विचारले नाही. जाताना त्यानेच सांगितले, ''यंदा आम्ही दोघे भाऊ एकत्र जेवलो. फार बोललो नाही.''

एवढे पुरे आहे. बाकीचे तो कूडलसंगमदेव पाहून घेईल.

मननासाठी
१. आपल्या घरच्या मागील सणाच्या पंगतीत कोण मागे राहिले होते? त्यांना कोणी पुढे बोलावले का?
२. दान आणि दासोह यांतला फरक आपल्या घरच्या एका प्रसंगावरून सांगा.
३. गेल्या वर्षातला कोणता कडू घास आपण अजून प्रसाद म्हणून घेऊ शकलेलो नाही? तो बदलण्यासारखा होता, की स्वीकारण्यासारखा?

शरणु शरणार्थी.